ठशाचा मान : मुद्राचित्रांच्या पुरस्कारांचा इतिहास

कलेच्या इतिहासात पुरस्कारांना सहसा तळटीपेइतकीच जागा मिळते. कोणत्या वर्षी कोणाला कोणते पदक लाभले याची नोंद झाली की इतिहासकार पुढे सरकतो. परंतु अशा याद्या सावकाश वाचल्या तर त्यांतून एक निराळाच इतिहास हाती लागतो. समाजाने कोणत्या श्रमाला कला मानून मंचावर बसवले आणि कोणत्या श्रमाला कारागिरी म्हणून दाराबाहेर उभे केले, हे त्या याद्या सांगतात. ज्यांची नावे त्यांत नाहीत, त्यांच्याविषयीही त्या पुष्कळ बोलतात.

मुद्राचित्रकलेच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. भारतात मुद्राचित्रांना राष्ट्रीय सन्मान मिळू लागला तो स्वातंत्र्यानंतर, आणि केवळ मुद्राचित्रांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली ती १९८९ साली, भोपाळ येथे. भारतभूमीवर पहिला छापखाना उतरला तो मात्र १५५६ साली, आपल्या शेजारी, गोव्यात. या दोन तारखांमध्ये चारशे तेहतीस वर्षांचे अंतर आहे. हे अंतर का पडले आणि त्या काळात ठसे कोरणाऱ्या, दगड घासणाऱ्या, शाई लावणाऱ्या माणसांच्या वाट्याला काय आले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. ज्या समाजाच्या घराघरांत देवघराच्या जागी छापील चित्रेच आहेत, त्या आपल्या समाजाला हा विषय परका वाटू नये.

मुद्राचित्र म्हणजे काय?

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. मुद्राचित्र हे छापलेले चित्र असते. पण छापलेल्या प्रत्येक चित्राला मुद्राचित्र म्हणत नाहीत. चित्रकाराने स्वतः घडवलेल्या ठशावरून, हाताने शाई लावून जे चित्र कागदावर उठवले जाते, ते मुद्राचित्र.

त्याच्या तीन मुख्य रीती आहेत. लाकडाच्या फळीवर चित्र काढून, जो भाग कोरा राहावयाचा तो कोरून काढावयाचा आणि उरलेल्या उंच भागावर शाई लावावयाची, ही पहिली व सर्वांत जुनी रीत. तांब्याच्या पत्र्यावर याच्या उलट चालते. कोरणीने किंवा अम्लाने पत्र्यात खाचा पाडतात, त्या खाचांत शाई भरतात, पृष्ठभाग स्वच्छ पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांमधून काढतात. खाचेतली शाई कागद ओढून घेतो. तिसरी रीत शिळाछापाची. ती जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. विशिष्ट जातीच्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढून दगड पाण्याने भिजवला की तेलकट रेषा पाणी झिडकारते आणि शाई धरते. भिजलेला दगड शाई झिडकारतो. येथे कोरण्याचे कामच नाही. तेल आणि पाणी यांच्या वैरावर सारे काम चालते.

तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. ठशावर चित्र उलटे असावे लागते. आशीर्वाद देणारा उजवा हात ठशावर डावा काढावा लागतो आणि अक्षरे उजवीकडून डावीकडे कोरावी लागतात. दुसरी समान गोष्ट अशी की एका ठशातून अनेक प्रती निघतात आणि त्यांतली प्रत्येक प्रत मूळ चित्रच असते. तैलचित्र एका भिंतीवर टांगले की दुसऱ्या भिंतीवर असू शकत नाही. मुद्राचित्र एकाच वेळी राजाच्या महालात आणि कोळ्याच्या झोपडीत असू शकते. हेच या कलेचे सामर्थ्य. आणि मानसन्मानाच्या वाटेत तिला आडवे आले तेही हेच. जे पुष्कळांकडे आहे त्याला मोठे मानण्याची जगाची रीत नाही.

युरोपातील पंक्तिभेद

आपल्याकडील कलाप्रदर्शने आणि पदके ही प्रथा युरोपातून आली, म्हणून तेथील स्थिती आधी पाहिली पाहिजे. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली स्थापन झाली, तेव्हा चित्रकार, मूर्तिकार व वास्तुकार यांना तिचे सदस्य होता आले. कोरीव काम करणाऱ्यांना मात्र पूर्ण सदस्यत्व नाकारण्यात आले. पुढे त्यांच्यासाठी 'सहयोगी' असा खालचा दर्जा निर्माण केला गेला. कोरणारा दुसऱ्याचे चित्र उतरवतो, स्वतः नवे काही रचत नाही, असा यामागचा तर्क होता. हा अडसर दूर व्हायला सुमारे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. सॅम्युएल कझिन्स हा कोरक १८५५ साली अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला.

फ्रान्समध्ये राजाच्या खर्चाने तरुण कलावंतांना रोमला पाठवणारे पारितोषिक १६६३ सालापासून दिले जात होते. चित्रकला आणि मूर्तिकला यांच्यापासून त्याची सुरुवात झाली. वास्तुकलेचा समावेश १७२० साली झाला, संगीताचा १८०३ साली आणि कोरीव कामाचा त्याच्या पुढच्या वर्षी, १८०४ साली. म्हणजे मूळ पारितोषिकापेक्षा ठशाचे पारितोषिक एकशे एक्केचाळीस वर्षांनी धाकटे. तरीही ते दीर्घायुषी ठरले. १९६८ साली फ्रेंच शासनाने ही सारी पारितोषिके बंद केली, तोवर म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, तांब्यावर कोरणाऱ्यांना रोमची वाट त्यामुळे खुली राहिली. मात्र अकादमीच्या दृष्टीने कोरीव कामाचे श्रेष्ठत्व प्रामुख्याने थोरामोठ्यांची चित्रे निष्ठेने उतरवण्यात होते. छायाचित्रणाचा शोध लागल्यावर त्या कसबाची गरजच उरली नाही. मान मिळाला, पण ज्या कामासाठी मिळाला ते कामच हळूहळू संपत गेले.

गोव्याचा छापखाना आणि अकबराचा दरबार

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याच्या बंदरात एक छापखाना उतरला. तो वास्तविक निघाला होता अबिसिनियाला. त्या देशासाठी नेमलेल्या मंडळींबरोबर तो गोव्यापर्यंत आला आणि येथेच राहिला. जुन्या गोव्यातील येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात तो सुरू झाला आणि हुआन दे बुस्तामांते या बंधूने त्याची व्यवस्था पाहिली. संत फ्रान्सिस झेवियर यांची धर्मशिकवण १५५७ साली, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, याच छापखान्यातून बाहेर पडली. गार्सिया दा ओर्ता यांचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच जोआंव द एंडेम या मुद्रकाने छापला. त्याच मुद्रकाने १५६८ साली गोवा महाधर्मप्रांताची नियमावली छापली, तेव्हा तिच्या शीर्षकपानावर लाकडी ठशातून चित्र उठवले. भारतात छापल्या गेलेल्या आरंभीच्या चित्रांत त्याची गणना होते. मुद्रकाचे नाव इतिहासात राहिले. लाकूड कोरणारा हात कोणाचा होता याची नोंद पानावर नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. जो ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांच्या आधारे. छापल्याने एखादी गोष्ट अमर होते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. गोव्यातील छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावली ती पुढे १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झाली नाही.

गोव्यातून छापील चित्रांचा एक प्रवास मात्र फार दूरवर गेला. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून रुदोल्फ आक्वाविवा, आंतोनी मोन्सेरात व फ्रान्सिस हेन्रिक्स हे तीन येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्याहून निघाले आणि १५८० च्या आरंभी फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे क्रिस्तोफ प्लांतँ याने छापलेल्या बहुभाषी पवित्र शास्त्राचे खंड भेट दिले. त्या खंडांत तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली चित्रे होती. पुढे धर्मगुरूंमार्फत आणि व्यापाऱ्यांमार्फत अशी पुष्कळ चित्रे दरबारात आली आणि तेथील चित्रकारांनी ती बारकाईने अभ्यासली. केशवदास या हिंदू चित्रकाराने १५८८ साली एका छापील चित्रावरून संत मत्तयाचे चित्र रंगवले. अबुल हसन या मुलाने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या ठशावरून संत योहानाची आकृती रेखाटली. ही दोन्ही चित्रे आज इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे जतन केलेली आहेत. ड्यूररने हा देश कधी पाहिला नव्हता आणि त्याला मृत्यू येऊन सत्तर वर्षे लोटली होती. त्याच्या तांब्याच्या पत्र्यावरची रेषा मात्र समुद्र ओलांडून एका मुसलमान बालकाच्या हाती पोहोचली. हे सामर्थ्य एकुलत्या एका तैलचित्राला लाभणे कठीण होते.

पुणे, मिरज, मुंबई

मराठी मुलखातील कोरीव ठशांचा पहिला अध्याय पेशवाईच्या उत्तरकाळातला आहे. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा चित्रकार १७९२ मध्ये पुण्यास आला. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तांबट यांच्यासारखे देशी कलावंत युरोपीय पद्धतीचे रेखाटन शिकले. तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे उलटी कोरून छापण्याची कल्पना नाना फडणवीसांच्या काळात पुढे आली आणि तिचे फळ मिरजेस मिळाले. तेथे पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली अशा पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. भांडी घडवणाऱ्या तांबटाच्या हातानेच हे काम केले. अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ साली भारतीय मुद्रणावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात हा इतिहास साक्षेपाने मांडला आहे. प्रियोळकर स्वतः गोमंतकातील प्रियोळचे, हेही येथे नमूद करण्याजोगे.

मुंबईत शिळाछापाची कला अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून देशी हातांत आली. भंडारी समाजातील गणपत कृष्णाजी यांनी ती आत्मसात करून स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असेल या शंकेने लोक छापील पंचांगाला शिवायला कचरत असत, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली, असे जुने लेखक सांगतात. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली चित्रशाळा छापखाना काढला आणि त्यातून निघालेली रंगीत देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे महाराष्ट्राच्या घराघरांत गेली.

यानंतर राजा रविवर्मा यांचे नाव येते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा पदके देऊन गौरव झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत गिरगाव येथे शिळाछापाचा छापखाना सुरू केला. प्लेगच्या साथीमुळे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. १९७२ साली लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली. या छापखान्यात एका रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड तयार करावा लागे. मूळ तैलचित्र पाहून कोणत्या दगडावर किती ठिपके, किती गडद, कोठे विरळ, हे ठरवणारा कारागीर हा खऱ्या अर्थाने दुसरा चित्रकार होता. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम केले होते. पण पदके तैलचित्राला मिळाली आणि दगडावर काम करणारे बहुतेक अनामिक राहिले.

मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ साली झाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनातील सुवर्णपदक हा पश्चिम भारतातील सर्वांत मोठा कलासन्मान ठरला. १८९५ साली म. वि. धुरंधर यांना ते मिळाले आणि १९२० साली सांगेचे सुपुत्र आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांना. आपल्या समाजाला त्रिंदाद यांचा सार्थ अभिमान आहे. पण ही पदके रंगचित्रांची होती. धुरंधरांची चित्रे रविवर्मा छापखान्यातून हजारो प्रतींनी बाहेर पडली, म्हणून लोकांनी त्यांना ओळखले; पदक मात्र मूळ चित्राच्या चौकटीपाशीच थांबले.

आल्तारावरची चित्रे

येथे थोडे थांबून आपल्या घरांकडे पाहू. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या भागांतील जुन्या ख्रिस्ती घरांत ज्याला आपण आल्तार म्हणतो, त्या घरच्या वेदीवर येशूच्या पवित्र हृदयाचे, पवित्र मरियेचे आणि संत अंतोनीचे चित्र असते. घरभेटीच्या निमित्ताने आम्ही गेली अनेक वर्षे ही चित्रे पाहत आलो आहोत. त्यांतली कित्येक शिळाछापाची आहेत. भिंगाखाली धरली तर रंगांचे सूक्ष्म ठिपके दिसतात आणि तळाशी बारीक अक्षरांत एखाद्या परदेशी छापखान्याचे नाव सापडते. घरातला कोणी बोटीवर नोकरीला गेला, कोणी मुंबईत कुडात राहिला, कोणी आफ्रिकेत. परतताना त्याच्या पेटीतून चित्र आले. त्यासमोर रोजरी झाली, मुलांची लग्ने ठरली, म्हाताऱ्यांनी शेवटचा श्वास सोडला.

या चित्रांना कोणतेही पदक मिळालेले नाही. कलासमीक्षक त्यांना स्वस्त आणि गोडगोड म्हणतात. त्यात तथ्य नाही असेही नाही. रंग भडक असतात, मुद्रा ठरीव असतात. पण त्यांनी जे काम केले ते प्रदर्शनात मांडलेल्या पुष्कळशा चित्रांना साधले नाही. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांना त्यांनी सुवार्ता वाचून दाखवली. आमच्या मते मुद्राचित्राच्या इतिहासाला नेहमीच दोन मापे लागतील. एक माप परीक्षकाचे, जो एक कागद हाती घेऊन त्यातील रेषा, छाया आणि कल्पकता तपासतो. दुसरे माप पोहोचीचे, म्हणजे तो कागद किती घरांत गेला आणि तेथे किती वर्षे राहिला. पुरस्कार पहिल्या मापाने दिले जातात, आणि तसेच ते दिले गेले पाहिजेत. परंतु केवळ पुरस्कारांवरून इतिहास लिहिला तर या कलेचा अर्धा देह नजरेआड होतो.

सही आणि अनुक्रमांक

विसाव्या शतकात चित्र पालटले. कलावंत स्वतःच ठसा कोरू लागला, स्वतःच छापू लागला आणि कागदाच्या खाली पेन्सिलीने सही करू लागला. एकूण किती प्रती काढल्या आणि हातातली प्रत कितवी, हेही तो लिहू लागला. वीस प्रतींपैकी तिसरी असेल तर ३/२०. १९६० साली व्हिएन्ना येथे भरलेल्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मूळ मुद्राचित्र कशाला म्हणावे याचे नियम सांगितले, त्यांत या सहीला आणि क्रमांकाला स्थान मिळाले. असंख्य प्रती काढण्याचे सामर्थ्य असलेल्या कलेने स्वतःलाच मर्यादा घालून घेतली. ठशाला मान मिळाला त्यात या मर्यादेचा मोठा वाटा आहे.

केवळ मुद्राचित्रांसाठी भरणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांची परंपरा १९५५ साली तत्कालीन युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना या शहरात सुरू झाली. दर दोन वर्षांनी भरणारे हे प्रदर्शन देश फुटला, राज्य बदलले, तरी स्लोव्हेनियाच्या राजधानीत चालू राहिले. तेथील १९६३ चा सर्वोच्च पुरस्कार अमेरिकन चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्ग यांच्या एका शिळाछापास मिळाला. त्याची कथा सांगण्याजोगी आहे. छपाई चालू असताना दगडच तडकला. चित्रकाराने तो टाकून न देता तसाच छापला; भेगेची पांढरी रेघ चित्रातून आरपार गेली, आणि चित्राला नाव दिले 'अपघात'. ज्या कलेला दोनशे वर्षे केवळ नक्कल म्हणून हिणवले गेले, तिच्या फुटक्या दगडाला हा मान मिळाला.

भारतात ललित कला अकादमीचे उद्घाटन ५ ऑगस्ट १९५४ रोजी मौलाना आझाद यांच्या हस्ते झाले आणि पुढील वर्षापासून राष्ट्रीय प्रदर्शन भरू लागले. रंगचित्रे व शिल्पे यांच्या बरोबरीने मुद्राचित्रांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले. सोमनाथ होर यांना १९६० नंतरच्या चारेक वर्षांत हा सन्मान एकाहून अधिक वेळा लाभला. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि तेभागाचे शेतकरी आंदोलन त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे त्यांनी कागदाच्या लगद्यावरच जखमांसारखे उमाळे आणि चिरा उठवल्या. त्यांत शाईसुद्धा नाही. पॅरिसमध्ये काम करणारे कृष्ण रेड्डी यांनी एकाच पत्र्यावरून, शाईचा घट्टपणा कमीअधिक ठेवून, अनेक रंग एका वेळी छापण्याची पद्धत विकसित करण्यात मोठा वाटा उचलला. त्यांना १९७२ साली पद्मश्री मिळाली. बडोद्याचे ज्योती भट्ट यांना तोच सन्मान २०१९ साली मिळाला.

याच काळात मुंबईत अंधेरीला चित्तप्रसाद भट्टाचार्य राहत होते. दुष्काळावरील त्यांचे 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळले होते. लिनोलियमच्या तुकड्यांवर त्यांनी कष्टकरी मुलांची जी चित्रे कोरली, ती युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने १९६९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९७८ साली ते निवर्तले, तोपर्यंत मायदेशात त्यांची जवळजवळ उपेक्षाच झाली. पुरस्कारांच्या यादीत जी नावे नाहीत त्यांत हे एक फार मोठे नाव आहे. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्ताने काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोलियमवर कोरले. त्या ठशालाही पदकाची गरज पडली नाही. देशाने तो मनात छापून घेतला. आपले आंजेलो द फोन्सेका याच नंदलालांच्या शांतिनिकेतनात शिकले, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाटा किती जवळून जातात ते कळते.

भोपाळचा उपक्रम

१३ फेब्रुवारी १९८२ रोजी भोपाळच्या तळ्याकाठी भारत भवनाचे उद्घाटन झाले. त्याची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. गोमंतकीय ख्रिस्ती कुळातील या वास्तुकाराने दादरचे पोर्तुगीज चर्च आणि पणजीची कला अकादमी या वास्तूही उभ्या केल्या. भारत भवनातील 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची धुरा चित्रकार ज. स्वामिनाथन यांच्याकडे होती. आदिवासींच्या भिंतीवरची चित्रे आणि शहरी चित्रकारांची चित्रे यांना त्यांनी एकाच छताखाली, बरोबरीच्या नात्याने स्थान दिले. तेथे मुद्राचित्रांची कार्यशाळाही होती. चित्रकाराने बाहेरून यावे, पत्रा घ्यावा, दाबयंत्रावर काम करावे, अशी सोय होती.

याच पायावर १९८९ साली भारत भवनाची पहिली आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र द्वैवार्षिकी भरली. परदेशी कलावंतांची मुद्राचित्रे भारतीय मुद्राचित्रांशेजारी टांगली गेली आणि त्यांतून पुरस्कार निवडले गेले. लहान गावातून आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला जपानच्या किंवा पोलंडच्या निष्णात मुद्राचित्रकाराचा कागद जवळून पाहता यावा, ही गोष्ट आम्हांला पुरस्काराच्या रकमेहून मोलाची वाटते. पुढे या प्रदर्शनाच्या अनेक आवृत्त्या भरल्या. नाव द्वैवार्षिकी असले तरी मधले अंतर नेहमी दोनच वर्षांचे राहिले नाही. २०१८ साली ललित कला अकादमीनेही दिल्लीत आपली पहिली मुद्राचित्र द्वैवार्षिकी भरवली.

या इतिहासातून एक व्यावहारिक गोष्ट स्पष्ट होते. मुद्राचित्राचा पुरस्कार एकटा जगू शकत नाही. कवीला कागद आणि पेन पुरते, रंगचित्रकाराला कुंचला आणि पाटी पुरते. मुद्राचित्रकाराला जड दाबयंत्र लागते, अम्ल हाताळण्याची सुरक्षित जागा लागते, दगड लागतात आणि शिकवणारा माणूस लागतो. जेथे कार्यशाळा होती तेथे पुरस्कार रुजला. जेथे केवळ पदक होते, तेथे त्याच त्या शहरांतील त्याच त्या संस्थांचे विद्यार्थी पुन्हापुन्हा मानकरी होणार, हे उघड आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते

सिंधुदुर्गात चित्रपरंपरेचा वारसा लहान नाही. सावंतवाडीचे गंजिफांचे चितारी आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी ठाकर हे तिचे दोन खांब. चित्रकथी हातात एकेक चित्र धरून रामायण-महाभारतातील आख्याने गातात. पिंगुळीचे परशुराम आत्माराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला. ही जुनी चित्रे ज्यांनी रंगवली त्यांची नावे त्यांवर नाहीत. सन्मान एका व्यक्तीला मिळाला. त्या व्यक्तीने तो आपल्या पूर्वजांपर्यंत आणि समाजापर्यंत नेला. पुरस्काराचा याहून चांगला उपयोग आम्हांला सुचत नाही.

ठशाच्या बाबतीत असेच काही आपल्याला करता येईल. आपल्या घरांतील आणि धर्मग्रामांतील जुनी छापील चित्रे झपाट्याने नाहीशी होत आहेत. कोकणची दमट हवा, वाळवी आणि कसर हे जुने शत्रू आहेतच. त्यांत आता नव्या घराच्या वास्तुशांतीची भर पडली आहे. जुन्या चौकटीतला येशू अंधूक झाला म्हणून प्लास्टिकचा चकचकीत येशू आणला जातो आणि जुना कागद विहिरीत किंवा जाळात जातो. आशीर्वादित वस्तू पायदळी येऊ नये ही त्यामागची श्रद्धा आम्ही समजू शकतो. पण टाकण्यापूर्वी तो कागद एकदा धर्मगुरूंना दाखवावा, तळाची अक्षरे वाचून घ्यावीत, कोणी, कोठून, कोणत्या साली आणला हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवावे. चर्चच्या कपाटातील जुन्या पुस्तकांतून निघणाऱ्या ठशाच्या चित्रांनाही हेच लागू आहे. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवले तर असा कागद आणखी एक पिढी सहज पाहील.

दुसरी गोष्ट तरुणांची. आपली मुले मुंबईच्या व गोव्याच्या कलाशाळांत जातात आणि तेथे ठसा कोरायला शिकतात. पदवी घेऊन परतलेल्याला मात्र जिल्ह्यात दाबयंत्र सापडत नाही आणि तो हा विषय सोडून देतो. लाकूड आणि लिनोलियम यांना सुदैवाने यंत्राचीही गरज नाही. कोरणी, शाईचा रूळ आणि पाठीमागून घासायला एक चमचा पुरतो. धर्मग्रामाच्या एखाद्या खोलीत, नाताळपूर्वीच्या आगमनकाळात, मुलांकडून ख्रिस्तजन्माचे ठसे कोरून घ्यावेत आणि नाताळची पत्रे त्यांवरून छापावीत, एवढा आरंभ कोणत्याही धर्मग्रामाला करता येईल. छापलेल्या प्रत्येक पत्राखाली कोरणाऱ्या मुलाचे नाव असावे. १५६८ साली गोव्यात ज्याने लाकूड कोरले त्याचे नाव लिहायचे राहून गेले. पुढच्या कागदांवर तरी ते राहून जाऊ नये.